गुरू, शनी आणि 'व्ही' अक्षराचा एक मार्क

गेली अकरा वर्षं मी प्रुफं तपासते. कथा-कादंबऱ्यांची नाही, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांची. क्रांती चौकापासून पाच मिनिटांवर, एका टायरच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे, आतल्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक लांब टेबल आणि खिडकीत माठ. प्रकाशक आणि लेखक एकच गृहस्थ. ते पूर्वी क्लास चालवायचे, म्हणून सगळे त्यांना सर म्हणतात. कॉम्प्युटरवर भाई बसतात. घरी दखनी बोलतात, पण मराठीतलं ऱ्हस्व-दीर्घ माझ्याआधी त्यांना दिसतं. तिसरी मी. बीएस्सी फिजिक्स. एका शाळेत तासिका तत्त्वावर सात वर्षं विज्ञान शिकवलं. एका जूनमध्ये त्यांनी बोलावलंच नाही, तेव्हा इथं आले.

आमचं सगळ्यात खपाचं पुस्तक सामान्य ज्ञानाचं. एक ओळ प्रश्न, अर्धी ओळ उत्तर, असे हजारो. पुस्तकावर नाव सरांचं. माझं नाव कुठंच नसतं, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नव्हतं. लाल पेन हातात असलं की मला पुरेसं असायचं.

त्या वर्षी नवी आवृत्ती घाईत निघाली. शहराचं नाव बदललं होतं, त्यामुळं जिथं जिथं औरंगाबाद होतं तिथं तिथं छत्रपती संभाजीनगर करायचं काम आधीच अंगावर होतं. भाई एकेक पान उघडून बघत होते, कारण नाव लांबलं की ओळ तुटायची आणि खालचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नापुढं जाऊन बसायचं. त्यातच सरांनी संरक्षण आणि खगोल ही दोन प्रकरणं नव्यानं लिहून माझ्यापुढं ठेवली.

पहिल्याच पानावर मी अडले. लिहिलं होतं, नव्या विक्रांत जहाजाचा क्रमांक आर ४४.

"सर, हे कुठून घेतलं?"

"घ्यायचं कशाला? जुनी विक्रांत आर ११, विराट आर २२, विक्रमादित्य आर ३३. आता पुढं काय येणार, तुम्हीच सांगा."

पाढा म्हणावा तसं त्यांनी सांगितलं. मी उठले. बाहेर गॅलरीत जाऊन मोठ्या भावाला फोन लावला. तो नौदलात होता. विराटवर त्यानं काही वर्षं काढली, आता कन्नडला शेती बघतो. मागं इंजिनाचा आवाज येत होता.

"दादा, नव्या विक्रांतवर कोणता नंबर आहे?"

"अकरा."

"चव्वेचाळीस नाही?"

"चव्वेचाळीस कुठनं काढलं? अगं, नाव जुनं दिलं तसा नंबरबी जुनाच दिलाय. आर अकरा. कोणताबी फोटो काढून बघ, पुढं मोठ्या अक्षरात लिवलंय."

मी मोबाइलवर फोटो शोधून सरांपुढं धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "ठीक आहे, करा अकरा." तेवढ्यावरच मी खूश झाले. आज आठवलं की मला माझ्या त्या खुशीचाच राग येतो. कारण त्यानंतर दोन दिवस मी त्या दोन प्रकरणांवर अशी तुटून पडले, की जणू सगळं आकाश आणि सगळा समुद्र माझ्याच भरवशावर आहे.

बुध सर्वांत उष्ण ग्रह, असं होतं. मी शुक्र केलं. सूर्याजवळ बुध असला तरी उष्णता धरून ठेवणारं दाट वातावरण शुक्रावर आहे, हे शाळेत मी दर वर्षी सांगायचे. पृथ्वी सूर्याजवळ येते तेव्हा उन्हाळा असतो, असं होतं. ते खोडलं आणि अक्षाचा कल लिहिला. सरांनी या दोन्हीला मान डोलावली.

मग 'सीव्हीएन' आलं. अमेरिकन नौदलात विमानवाहू जहाजाला सीव्ही म्हणतात, ते अणुशक्तीवर चालणारं असेल तर सीव्हीएन. सरांनी लिहिलं होतं, सी म्हणजे कॅरिअर, व्ही म्हणजे व्हेसल, एन म्हणजे न्यूक्लिअर. एवढं सरळ दिसत होतं की मी पुढं गेलेही होते. पण खात्री म्हणून पुन्हा दादाला विचारलं.

तो हसला. "आम्हीबी आधी तेच धरून चाललो व्हतो. मग ट्रेनिंगला एका साहेबानं फळ्यावर लिवून दाखवलं. सी हे क्रूझरचं. पयल्यानं ही जहाजं क्रूझरच्या गटात धरायचे. आन् व्ही म्हंजे हवेपेक्षा जड असलेलं उडणारं. विमान. हवेपेक्षा हलकं असलं, फुग्यासारखं, तर झेड. व्हेसल नाय ते."

"पण त्यासाठी व्ही हेच अक्षर का?"

"ते त्या साहेबालाबी नक्की सांगता येईना. कोणी म्हणतं फ्रेंच शब्दावरनं आलं. मी काय फ्रान्सला गेलोय का?"

मी हे सगळं कागदावर लिहून सरांकडं नेलं. त्यांनी वाचलं, घडी केली आणि टेबलावरच्या दुसऱ्या चार पुस्तकांकडं बोट केलं. ती पुण्याची, कोल्हापूरची, आमच्यासारखीच पुस्तकं. चारही पुस्तकांत व्हेसल.

"ती चारही एकमेकांवरून उतरवलेली आहेत, सर."

"असतील. पण पेपर काढणारासुद्धा हीच पुस्तकं समोर घेऊन बसतो. पोराला मार्क पाहिजे असतो मॅडम, तुमचा साहेब नको असतो."

मी वाद घातला. सरांनी चहा मागवला. वाद थंड झाला आणि चहाही. व्हेसल तसंच राहिलं; त्या पानावर सही मी केली नाही, सरांनी केली.

त्या हरण्याची चिडचिड घेऊनच मी खगोलाच्या शेवटच्या पानाशी आले. सर्वाधिक ज्ञात उपग्रह असलेला ग्रह, शनी. माझ्या डोक्यात लख्ख आठवलं, की नुकतंच पेपरात वाचलंय, गुरूचे नवे उपग्रह सापडले आणि तो शनीच्या पुढं गेला. मी मोबाइलवर शोधलं. बातमी खरी होती, ताजी होती. मी शनीवर लाल रेघ मारली आणि गुरू लिहिलं. सर म्हणाले, "लहानपणापासून शनी वाचत आलोय." मी बातमी पुढं केली आणि म्हणाले, "निदान एवढं तरी ऐका माझं." त्यांनी हात वर केले.

भाईंनी बदल करताना मान वळवून विचारलं, "मॅडम, पक्का ना? फिर आगे जाके बदलेगा तो नहीं?"

"नहीं बदलेगा," मी म्हणाले. ते वाक्य माझंच. दुसऱ्या कोणाचं नाही.

मेमध्ये ते बदललं.

त्या दिवशी आमच्याकडं आठव्या दिवशी नळ आला होता. मी टाकी भरायला लावून पायरीवर पेपर वाचत बसले होते. आतल्या पानावर दोन बोटांची बातमी होती. शनीचे आणखी कितीतरी उपग्रह मान्य झाले, शनी पुन्हा पहिला. मी ती बातमी दोनदा वाचली. पुस्तक बाजारात जाऊन दोन महिने होत आले होते. ऑफिसात गेल्या गेल्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत बघू." मी म्हणाले, "एक चिठ्ठी छापून पुस्तकात घालू या का? शुद्धिपत्र?" ते म्हणाले, "शुद्धिपत्र घातलं की लोक समजतात पुस्तकच चुकीचं आहे. आणि हा प्रश्न दर वेळी कुठं येतो?"

खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तेच हवं होतं. प्रश्न येणार नाही, असं मानणं सोपं होतं. त्या महिन्यात दहावीच्या गाइडची प्रुफं होती, मुलीचा निकाल होता, नवऱ्याची वाळूजच्या कंपनीत शिफ्ट बदलली होती. मी एकदा बोलले, आपलं काम झालं, असं मनाशी ठरवलं. चिठ्ठी राहिली.

जानेवारीत, दुपारी जेवणाचे डबे उघडत होतो तेव्हा एक मुलगी जिना चढून वर आली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. खांद्याला सॅक, हातात आमचं पुस्तक, त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलेलं. दारातूनच विचारलं, "ह्ये पुस्तक हितंच छापत्यात ना?"

भाई म्हणाले, "हां, बोला."

"मला लिवणाऱ्यांना भेटायचंय."

सर सिल्लोडला गेले होते. भाईंनी माझ्याकडं पाहिलं. ते काही मुद्दाम नव्हतं, पण ती मुलगी समजली. सरळ माझ्यापुढं येऊन बसली, पुस्तक उघडलं. ते पान तिनं खूण घालून ठेवलं होतं.

"मॅडम, सगळ्यात जास्त उपग्रह कुणाला?"

मी डबा बाजूला सारला. "शनीला," मी म्हणाले.

"मग ह्यात गुरू का लिवलंय?"

मी सांगितलं. फेब्रुवारीत गुरू होता, मेमध्ये शनी झाला, पुस्तक मधल्या काळात निघालं.  मग तिनं सॅकमधून एक प्रिंट काढून टेबलावर ठेवली. एका खात्याच्या भरतीची परीक्षा, तिची उत्तरं आणि शेजारी खात्यानं दिलेली तात्पुरती उत्तरतालिका. एका प्रश्नाभोवती पेननं गोल केलेला. तिचं उत्तर गुरू, तालिकेत शनी.

"मागच्या वेळी एका मार्कानं गेलं," ती म्हणाली. "ह्या वेळी मी सगळं मोजून बघितलंय. लोक जे कटऑफ म्हणायलेत, त्याला मी बरोब्बर एकनं कमी पडतीय. हा एक."

ती सोयगावची होती. वडील नव्हते, आई पिठाची गिरणी चालवायची. ही टीव्ही सेंटरजवळच्या अभ्यासिकेत चार वर्षं बसत होती. घरून प्रत्येक सणाला विचारणा होत होती, आता किती दिवस. हे तिनं रडून सांगितलं नाही. पत्ता सांगावा तसं सांगितलं.

"तुम्हाला कळलं कधी, शनी झालं म्हणून?"

खोटं बोलता आलं असतं. भाई समोर होते म्हणून असेल, किंवा तिनं पुस्तकाला घातलेलं ते कव्हर दिसत होतं म्हणून असेल, मी म्हणाले, "मेमध्येच."

"आन् पेपर डिसेंबरात झाला."

"हो."

 मला वाटलं आता ओरडेल. ती म्हणाली, "पाणी भेटंल का?" भाईंनी उठून माठातलं पाणी दिलं.

ती पाणी पीत असताना मी तिची बाकीची उत्तरं चाळायला घेतली. काहीतरी करायला हवं होतं म्हणून. चौथ्या पानावर मला तो प्रश्न दिसला. सीव्हीएन या संज्ञेतील व्ही या अक्षराचा अर्थ काय? पर्याय चार. व्हेसल, व्हॉयेज, व्हिक्टरी, यांपैकी नाही. तालिकेत उत्तर व्हेसल. तिचंही व्हेसल. मार्क मिळालेला.

माझं डोकं भणभणलं. "हे चूक आहे!" मी जोरात म्हणाले. "तालिकाच चूक आहे. बरोबर उत्तर चौथं, यांपैकी नाही. तुला हरकत घेता येईल ना? मुदत कधीपर्यंत?"

"परवापर्यंत हाय."

"मग घे. मी पुरावे काढून देते. माझा भाऊ नौदलात होता. अमेरिकन नौदलाची कागदपत्रं नेटवर आहेत. सगळं देते."

मी बोलतच राहिले. क्रूझर, हवेपेक्षा जड, हवेपेक्षा हलकं, झेड. वर्षभर तुंबलेलं सगळं बाहेर आलं. सरांची ती चार पुस्तकं, त्यांचा तो थंड चहा, सगळं. भाई डबा बंद करून ऐकत होते. मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाली,

"मॅडम, तुमचं खरं असंल. पण ह्याचा मार्क मला भेटलाय."

मी प्रिंटवरची ती ओळ पुन्हा पाहिली.

"मी हरकत घेतली आन् ती मान्य झाली, तर माझा आजून एक जाईल. दोननं कमी पडंल मी."

भाई पुटपुटले, "सही बोलरी बच्ची."

त्या क्षणी मला जेवढी लाज वाटली तेवढी आधी गुरू-शनीच्या वेळीही वाटली नव्हती. माझ्यामुळं गेलेला मार्क परत मिळवून द्यायचा सोडून मी तिचा दुसरा मार्क घालवायला निघाले होते, आणि तेही तिच्याच हातानं, तिनंच हरकतीचं शुल्क भरून. कशासाठी? सरांना दाखवायला, की बघा, मी म्हणत होते ना.

"मग शनीवर काही करता येईल का?" तिनं विचारलं. "फेब्रुवारीत गुरू व्हता, असं लिहून?"

"पेपर डिसेंबरचा. तेव्हा शनीच होता. तालिका बरोबर आहे."

"म्हंजे जे खरं हाय त्याच्यावर हरकत नाय घेता येत, आन् जे खोटं हाय त्याच्यावर घेतली तर माझंच नुकसान."

 माझ्या एकाच पुस्तकात, मी लढून घुसवलेल्या, तेव्हा खऱ्या असलेल्या उत्तरानं तिचा मार्क घालवला होता आणि मी हरलेल्या खोट्या उत्तरानं तिला मार्क दिला होता. 

तेवढ्यात सर आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मुलीला बसा म्हटलं, नीट विचारपूस केली, सिल्लोडहून आणलेली संत्री पुढं ठेवली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, माझ्या हस्तलिखितात शनीच होता." आवाज चढवला नाही. तिच्यासमोर म्हणायची गरज नव्हती, पण ते खरं होतं.

मुलगी निघाली तेव्हा मी तिच्यामागं जिना उतरले. टायरच्या दुकानापुढं थांबून तिला म्हणाले, "माझी चूक आहे." ती म्हणाली, "तुमची एकटीची कुठं? मीबी एकाच पुस्तकावर भरोसा ठिवला." आणि चौकाकडं चालू लागली. तिनं मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. चौकातल्या गर्दीत ती दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभी होते, आणि दुकानातला माणूस "ताई, टायर बघायचंय का" असं विचारत होता.

दुसऱ्या दिवशी मी सरांना न विचारता चिठ्ठी तयार केली. 'शुद्धी. सर्वाधिक ज्ञात उपग्रह असलेला ग्रह, शनी. ही संख्या संशोधनानुसार बदलते, परीक्षेपूर्वी खात्री करावी.' भाईंनी एका पानावर वीस चिठ्ठ्या बसवल्या. प्रिंट काढल्या आणि आम्ही दोघांनी पट्टीनं दाबून फाडल्या, कारण कात्री सरांच्या कप्प्यात होती. भाई म्हणाले, "सर पूछे तो?" मी म्हणाले, "सांगा मी केलं."

तीन दिवस ऑफिस सुटल्यावर मी स्कूटीवर अभ्यासिका पालथ्या घातल्या. टीव्ही सेंटर, समर्थनगर, उस्मानपुरा. लाकडी कप्प्यांत पोरं-पोरी डोकं खाली घालून बसलेली. आमचं पुस्तक दिसलं की मी हळू आवाजात सांगायचे आणि चिठ्ठी द्यायचे. बहुतेकांनी घेतली. एकानं विचारलं, "मॅडम, आणखी काय काय चुकलंय ते एकदाच सांगून टाका ना." दुसरा म्हणाला, "हे तर यूट्यूबवर कधीच आलंय." एका अभ्यासिकेच्या मालकानं मला जाहिरात करायला आलेली समजून बाहेर काढलं. मी रागानं चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्या टेबलावर आपटला आणि निघाले, आणि अर्ध्या रस्त्यात आठवलं की तिथं किमान पंधरा पोरांकडं आमचं पुस्तक दिसलं होतं. परत गेले. दुसऱ्यांदा जिना चढताना गुडघे दुखत होते आणि स्वतःचाच संताप येत होता.

औरंगपुऱ्यातल्या एका दुकानदारानं सरांना फोन केला, की तुमच्याच बाई तुमच्याच पुस्तकाच्या चुका वाटत फिरतायत. सरांनी मला बोलावलं. मला वाटलं नोकरी गेली. ते म्हणाले, "मला सांगितलं असतं तर मी नको म्हटलं असतं, म्हणून नाही सांगितलं ना?"

"हो."

"मग आता उरलेल्या गठ्ठ्यांतही घाला. निम्म्यात आहे निम्म्यात नाही, ते आणखी वाईट दिसतं."

त्यांचा होकार हा असा होता. आम्ही तिघांनी मिळून बाहेरच्या खोलीतल्या सगळ्या प्रतींत चिठ्ठ्या घातल्या.

मार्चमध्ये यादी लागली. तिचं नाव प्रतीक्षा यादीत आलं, तिसऱ्या क्रमांकावर. पहिले दोघं वर सरकले. तिच्यापाशी येऊन यादी थांबली, आणि मग मुदत संपली. हे मला तिनं फोन करून सांगितलं. मी काहीतरी धीर द्यायला लागले तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मॅडम, गिरणीवर गिऱ्हाईक हाय." ती सोयगावला परत गेली होती.

नव्या आवृत्तीची प्रुफं आली तेव्हा शनीपुढं सरांनी स्वतःच 'या आवृत्तीच्या वेळी' असे शब्द घातले होते. व्हेसल मात्र तसंच होतं. मी पेन उचललं तर त्यांनी त्या खात्याची अंतिम उत्तरतालिका पुढं सरकवली. "आता तर सरकारी तालिकेतच आलंय. कोणाचीच हरकत नव्हती त्यावर." मी दादाला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "मग काय, जहाजाला जाऊन सांगू का तू व्हेसल हाय म्हणून?" तो हसत होता. मला हसू आलं नाही. मी ते पान सही करून दिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा, चूक आहे हे माहीत असताना.

त्याच उन्हाळ्यात एका सकाळी ती मुलगी माझ्या घरी आली. पत्ता भाईंकडून घेतला होता. पहिल्या एसटीनं आली होती, दुपारी तिची दुसऱ्या एका भरतीची परीक्षा होती. हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी. "आईनं दिलंय. ताजं हाय, आजच्या आज भाकरी करा." मी म्हणाले, "कशाला आणलंस?" ती म्हणाली, "रिकाम्या हातानं प्रश्न विचारून घ्यायला कसं यायचं?"

लाइट गेली होती. आम्ही बाल्कनीत बसलो. तिनं सॅकमधून एक वही काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ह्याच्यातलं विचारा मला."

प्रत्येक पानावर तिनं मधे उभी रेघ मारली होती. डावीकडं 'खरं', उजवीकडं 'पेपरात'. बऱ्याच ओळींत दोन्हीकडं एकच उत्तर होतं. काही ओळींत नव्हतं. सर्वांत उष्ण ग्रह, दोन्हीकडं शुक्र. सीव्हीएनमधला व्ही, डावीकडं 'हवेपेक्षा जड, विमान', उजवीकडं 'व्हेसल'. दुसऱ्या रकान्यात बाजूला छोट्या अक्षरात कोणत्या खात्यानं कधी विचारलं तेही लिहिलं होतं.

"हे असं दोनदा पाठ करावं लागतं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "तुला राग येत नाही?"

"येतो की. पण राग आला तरी मार्क उजवीकडच्यालाच हाय."

"आणि डावीकडचं कशाला ठेवतेस मग?"

ती जरा गोंधळली, जणू हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. "खरं काय ते म्हाईत नको का मला?" ती म्हणाली.

मी तासभर प्रश्न विचारले. ऋतू कशामुळं होतात, चंद्राची एकच बाजू का दिसते, पृथ्वीला सगळ्यात जवळचा तारा कोणता. या शेवटच्याला शंभरात पन्नास जण चुकतात, दूरच्या ताऱ्याचं नाव सांगतात. ती म्हणाली, "सूर्य. वर बघा, आत्ता भाजतोय." विमानवाहू जहाजांचे नंबर तिनं घडाघडा सांगितले, नव्या विक्रांतसकट. तीन ठिकाणी ती चुकली. एका ठिकाणी तिचं बरोबर निघालं आणि मीच चुकले होते.

साडेअकराला ती उठली. सेंटर चिकलठाण्याला होतं आणि गेट परीक्षेच्या एक तास आधी बंद होणार होतं. मी म्हणाले, स्कूटीवर सोडते. खाली आलो तर स्कूटीचं मागचं चाक बसलेलं. टायरच्या दुकानाच्या वरच्या खोलीत अकरा वर्षं काम करणाऱ्या बाईच्या गाडीचं चाक ऐन वेळी बसावं, याचा मला एवढा वैताग आला की मी चाकाला लाथ मारली. ती मात्र तोपर्यंत रस्त्यावर जाऊन रिक्षाला हात करत होती.

"मॅडम, तुम्ही नका येऊ, उशीर व्हईल," ती रिक्षातूनच म्हणाली. "हॉलतिकिट हाय, आधार हाय, पेन हाय." आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "भाऊ, जरा जल्दी."